सर्वांची प्रकृती ठणठणीत

माझं नाव सम्राट. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी तेवीस वर्षं शहर वार्ताहर होतो आणि माझं साम्राज्य होतं आतल्या पाचव्या पानावरचा दीड कॉलम. मोर्चे, धरणी, निवेदनं, पाणी न आलेल्या गल्ल्या, सगळं त्या दीड कॉलमात कोंबायचं. पुढाऱ्याचा वाढदिवस असला की तोही दीड कॉलम जायचा.

गेल्या उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या डोहवाडीची माणसं मोठ्या कचेरीसमोर येऊन बसली. कुठली कचेरी ते सांगत नाही. कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. डोहवाडी कृष्णेच्या काठावर आहे. मोठा पूर आला की सगळी वस्ती पाण्याखाली जाते. दोन पुरांनंतर एक्केचाळीस घरांना वरच्या माळावर जागा मंजूर झाली, तसे कागद मिळाले, साहेबाच्या हातून कागद घेतानाचे फोटोही निघाले. जागा काही मिळाली नाही. मग त्यांनी कचेरीसमोर ताडपत्री बांधली, चूल मांडली आणि ‘बेमुदत ठिय्या आंदोलन’ असा फलक लावला. त्याच्या जोडीला साखळी उपोषण, म्हणजे रोज पाच माणसांनी दिवसभर उपाशी बसायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाचांनी.

पुढारीपण क्रांतीकडे होतं. सव्वीस वर्षांची पोरगी, डोहवाडीतली वकिलीला गेलेली पहिली. पहिल्याच दिवशी तिनं मला धरलं.

“दादा, बातमी मोठी लावा की.”

“लावतो. माणसं किती?”

“दोनशे.”

“दोनशे दिसत न्हाईत.”

“मग मोजा की! हातात पेन हाय न्हवं?”

मी मोजली नाहीत, दोनशे लिहिली.

त्या पाचांत रोज एक माणूस तोच दिसायचा. नागाप्पा. वय अडुसष्ट, कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात जाडाभरडा पांढरा सदरा. साखळी म्हटल्यावर कडी बदलायला पाहिजे, पण हा माणूस बदलूच देत नव्हता. कुणाला कामावर जायचं असलं, कुणाच्या पोराला ताप असला, की त्याच्या जागी नागाप्पा. “ही पोरं कामाची हाईत,” तो म्हणायचा. “माझं काय? घरात बसलो काय आन हितं बसलो काय.” त्याला साखरेचा आजार होता. ऊसपट्ट्यातली माणसं आमची, साखर पोत्यात कमी आणि रक्तात जास्त. बायको मल्लव्वा पहिले चार दिवस मांडवात होती. मग म्हैस व्यायला आली म्हणून ती गावी गेली आणि नागाप्पा एकटा राहिला. त्याच्याजवळ बटणाचा फोन होता, तोही तिसऱ्या दिवशीच बंद पडला.

मला बघितलं की तो हाक मारायचा. “या पावणं, आज काय नवं लिवणार?”

“नवं घडलं तर लिहीन की.”

“आमी बसलोय न्हवं?”

“कालपण बसला होता.”

तो हसायचा. “कालचं बसणं निराळं आन आजचं निराळं. आज येक दिस वाढलाय.”

मला तेव्हा हे बोलणं फार आवडलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं. छापलं मात्र नाही, कारण पाचव्या पानावर असल्या बोलण्याला जागा नसते.

पहिला आठवडाभर संध्याकाळी सरकारी डॉक्टर यायचा. दंडाला पट्टा बांधायचा, रक्तदाब बघायचा, नागाप्पाच्या बोटाला सुई टोचून साखर बघायचा आणि सही करून जायचा. मी समोर उभा असायचो. बातमीच्या शेवटी एक ओळ टाकायचो. ‘वैद्यकीय पथकाने उपोषणकर्त्यांची तपासणी केली असून सर्वांची प्रकृती ठणठणीत आहे.’ ही ओळ त्या आठवडाभर अगदी खरी होती.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आंदोलन पहिल्या दिवशी बातमी असतं, तिसऱ्या दिवशी सवय होतं आणि दहाव्या दिवशी कटकट. दहाव्या दिवसानंतर कुणी तिकडं जात नाही. कालची बातमी उघडायची, ‘अकरावा दिवस’ खोडून ‘बारावा दिवस’ करायचं, क्रांतीनं फोनवर पाठवलेली पाच नवी नावं जुन्या नावांच्या जागी टाकायची आणि पाठवून द्यायची. पाच मिनिटांचं काम. ह्याला पाट्या टाकणं म्हणतात, आणि मी काही एकटा टाकत नव्हतो. कोल्हापुरातले सगळेच पेपर तेवढ्या दिवसांत उंटावरून शेळ्या हाकत होते. पण दुसऱ्यांचं दुसऱ्यांपाशी.

नवव्या दिवसापासून डॉक्टर यायचा बंद झाला. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हटलं तर जीभ झडेल. क्रांतीनं फोन केला होता.

“दादा, डॉक्टर येत न्हाई आता. ती वळ काढा की बातमीतली. उलट येत न्हाई असं लिवा.”

“बघतो,” मी म्हणालो.

‘बघतो’ म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यालाही कळतं आणि बोलणाऱ्यालाही. फोन आला तेव्हा मी एका शोरूमच्या उद्घाटनात होतो. फोन ठेवला आणि विसरलो. ती ओळ बातमीच्या शेपटाला होती तशीच राहिली. मी वरचा दिवस बदलत होतो, मधली नावं बदलत होतो आणि शेवटापर्यंत माझी नजर जातच नव्हती.

बाविसाव्या दिवशी मी कोडोलीला साडूच्या वास्तुशांतीला होतो. पुरणपोळी दाबून खाल्ली. हात धुतले, नव्या घराच्या ओसरीवर बसून फोनवरच बातमी केली, ‘एकविसावा’चं ‘बाविसावा’ केलं आणि पाठवून दिली. मग तिथंच चटईवर आडवा झालो. त्याच वेळी मांडवात नागाप्पाला घेरी आली होती. पोरांनी तोंडावर पाणी मारलं, सावलीत निजवलं. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, मला काय झाल्यालं न्हाय. पोरांनी ते खरं मानलं. क्रांती त्या दिवशी कोर्टाच्या कामाला इचलकरंजीत होती.

तेविसाव्या दिवशी सकाळी पेपरात छापून आलं की सर्वांची प्रकृती ठणठणीत आहे. दुपारी तीनच्या सुमारास नागाप्पा बसल्या जागी कलंडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला.

मला साडेतीनला कळलं. स्कूटर काढून पळालो. मांडवात बायका एकमेकींच्या गळ्यात पडून कानडीत आणि मराठीत रडत होत्या. पोरं कचेरीच्या दारावर धडका देत होती. मी वही काढली आणि मला काही लिहिता येईना. एवढ्यात ऑफिसातून पृथ्वीराजचा फोन. पृथ्वीराज आमचा शहर आवृत्तीचा प्रमुख, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि बारा पट हुशार.

“पहिलं पान. आठ कॉलम. म्हाताऱ्याचा चांगला फोटो पाठव.”

फोटो नव्हता. बावीस दिवसांत आम्ही मांडवातले सतरा फोटो छापले होते आणि सतराच्या सतरा भेट द्यायला आलेल्या पुढाऱ्यांचे होते. दोन फोटोंत कडेला नागाप्पाचा अर्धा चेहरा आला होता. एकात कान आणि विभूतीचे पट्टे, दुसऱ्यात एक डोळा. शेवटी आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावला. जिवंतपणी त्याला कधी दीड कॉलमाच्या वर जागा मिळाली नाही. मेल्यावर तो आठ कॉलम झाला, आणि त्या आठ कॉलमांवर नाव माझं होतं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मोठी माणसं आली, हात जोडले, आश्वासन दिलं. ताडपत्री सुटली. डोहवाडीच्या नदीकाठच्या मळीत नागाप्पाला माती दिली. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, मांडी घालून. मी लांब उभा राहून बघितलं आणि मल्लव्वाला न भेटताच परत आलो. धाडस झालं नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

दोन महिन्यांनी क्रांती ऑफिसात आली. तिनं मध्यंतरी कचेरीत अर्ज केला होता, नवव्या दिवसापासून डॉक्टर का आला नाही, आणि एक आजारी म्हातारा उपाशी बसलेला असताना कुणीच कसं बघितलं नाही, याची चौकशी करा म्हणून. त्याचं उत्तर आलं होतं. ते पाकीट तिनं माझ्या टेबलावर टाकलं.

“वाचा.”

पत्र एक पानाचं होतं. कचेरीची भाषा कशी असते ते मला माहीत आहे, निम्मं आयुष्य ती वाचण्यात गेलंय. आंदोलनकर्त्यांची वैद्यकीय तपासणी दररोज नियमित होत होती. सबब तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. पुरावा म्हणून स्थानिक दैनिकातील कात्रणं सोबत जोडली आहेत.

चौदा कात्रणं. सगळी माझी. नववा दिवस, दहावा दिवस, अकरावा दिवस. प्रत्येकाच्या शेवटच्या ओळीखाली कुणीतरी पट्टी लावून लाल रेघ मारली होती. तेवीस वर्षांत माझं लिखाण इतक्या काळजीनं कुणी वाचलं नव्हतं.

मला आधी कचेरीचा राग आला. मग रेघ मारणाऱ्याचा. चौदा कात्रणं पाहून होईपर्यंत राग धरायला दुसरं कुणी उरलं नाही.

“मी तुमाला फोन केलता,” क्रांती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. “केलता का न्हाई?”

“केलतास.”

“मग आता लेखी द्या. डॉक्टर आला न्हवता आन तुमी न बघता लिवलं. एवढंच.”

मी पृथ्वीराजच्या खोलीत गेलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला.

“असं लेखी दिलंस तर उद्या आपल्या कुठल्या बातमीवर माणूस विश्वास ठेवील?” तो म्हणाला.

“ठेवू नये.”

“सम्राट, भावनेच्या भरात काही करू नको. फार तर चौकट टाकू. ‘अनवधानाने.’ दोन ओळी.”

“चौदा दिवस अनवधान?”

त्यानं चष्मा काढला. “लेखी देणार असशील तर दुसरा कागदही दे, राजीनाम्याचा.”

मी दोन्ही कागद दिले. ह्यात मोठेपणा नव्हता. पोरगी नोकरीला लागलेली आणि बायको शिक्षिका, त्यामुळं चूल बंद पडणार नव्हती. पण खरं सांगायचं तर कचेरीत कागद देऊन बाहेर पडताना मला मोठेपणाच वाटत होता. छाती हलकी झाली होती. वाटलं, आता मल्लव्वाला भेटता येईल. कागदाची प्रत तिच्या हातात द्यावी, तिनं दोन शिव्या घालाव्यात, मी खाली मान घालून ऐकाव्यात, मग तिनं चहा टाकावा. माणूस माफीसुद्धा कशी ठरवून ठेवतो बघा.

क्रांती बरोबर येणार होती, पण फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, “तुमचं तुमी जावा. मी वर माळावर जाऊन येतो, मोजणीवाला येणार म्हणं.” तो येणार नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं.

मल्लव्वा सोप्यात शेंगा फोडत बसली होती. भिंतीवर छातीइतक्या उंचीला पुराची रेघ तशीच होती. तिनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, पेपरचं नाव सांगितलं, तेव्हा तिचा हात थांबला.

“पेपरवालं व्हय तुमी?” ती चटकन उठली, पोतं झटकून अंथरलं. “बसा की. बरं झालं आलासा. मला कुणाला तरी इचारायचं हुतं.”

मी कागद काढायला खिशात हात घातला, पण ती आत गेलीही होती. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आमचा पेपर होता, चार घड्या घातलेला. घड्यांवर विरलेला.

“मी चौथी शिकलोय,” ती म्हणाली. “तीबी कानडी शाळंत. मराठी नंतर ह्येनी शिकवलं, बोट ठिऊन वाचायला. ह्येनी तिकडं बसल्यावर मी रोज पेपर घ्यायचो, दुधाच्या टेंपोवाल्याकडनं. आदी नाव बघायचो. मग शेवटची वळ.”

तिनं पेपराच्या घडीवरून हात फिरवला.

“आदल्या रात्री शेजारचा गुंडू मांडवातनं आलता. म्हणाला, काकी, अज्जा लई मलूल दिसतोय, घेरी आलती म्हणं. मला रातभर डोळा लागला न्हाय. सकाळी म्हस शेजारणीच्या गळ्यात घातली, पिशवी भरली. ह्येंच्या गोळ्या घेतल्या, भाकरी घेतली. म्हटलं हाताला धरून घिऊन येतो. उठवूनच आणतो. माझ्यापुढं त्येंचं काय चालत न्हवतं.” ती थोडी हसली. “फाट्यावर इस्टीची वाट बघत हुतो, तवर टेंपो आला. पेपर घेतला. तितंच दगडावर बसून वाचला.”

तिनं पेपर उलगडला, पाचवं पान काढलं आणि माझ्यापुढं धरला. शेवटच्या ओळीवर तेलाचं की घामाचं बोट उमटलेलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा.

“मला वाटलं हितं ठणठणीत लिवलंय. दोनदा वाचलं. म्हटलं गुंडू दारू पितोय, त्येचं काय खरं? पेपरात डाक्टरनं सांगितल्यालं हाय. मग इस्टी आली, तर मी चढलो न्हाय. माघारी आलो. दुपारी सांगावा आला.”

ती माझ्या शेजारी, पोत्याच्या कडेला बसली. आवाज एकदम बारीक केला, जणू घरातल्या कुणी ऐकू नये. घरात दुसरं कुणी नव्हतं.

“त्या दिसापास्नं मी ह्ये परत परत वाचतो. मला शिकल्याल्या माणसागत येत न्हाय. जोडाक्षरात चुकतो मी, ह्येनी नेहमी हसायचं. मला वाटतंय, मी चुकून वाचलं. हितं दुसरंच कायतरी लिवल्यालं असंल आन मला ठणठणीत दिसलं. क्रांतीला इचारायला गेलतो, पर लाज वाटली. पोरगी काय म्हणंल, म्हातारीला वाचता येत न्हाय आन तिच्यापायी अज्जा गेला. तुमी लिवणारं हाईसा. तुमी तरी सांगा. हितं काय लिवलंय?”

मी पेपर हातात घेतला. खिशातला कागद, सही, शिक्का, छाती हलकी झाल्याचं ते सगळं मला आता नकोसं झालं. दोन महिने ही बाई स्वतःला आपल्या नवऱ्याची मारेकरी समजून जगत होती, आणि मी शिव्या खाऊन चहा प्यायला आलो होतो.

“तुम्ही बरोबर वाचलं, अव्वा,” मी म्हणालो. “ठणठणीतच लिहिलंय.”

“ठणठणीतच?”

“ठणठणीतच. तुमची चूक नाही. ते खोटं होतं. डॉक्टर आला नव्हता. मी पण आलो नव्हतो. मी न बघता लिहिलं.”

तिनं माझ्या हातातला पेपर घेतला. ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, कुठंही न चुकता. मग ती रडायला लागली. आधी नुसतेच खांदे, मग आवाज. माती दिली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मी पोत्यावर तसाच बसून राहिलो. तिला हात लावायचा मला अधिकार नव्हता आणि उठून जायचाही नव्हता.

खूप वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग शोधला मी, सापडला असता तर धरून बसलो असतो. राग नव्हता. पोरानं पाटी फोडली तर आई विचारते, तसं तिनं विचारलं.

“मग लिवलं कशाला?”

वाटेत मी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. पानाची घाई, माणसं कमी, कोडोलीची वास्तुशांती, सगळेच तसं करतात. त्यातलं एकही काढलं नाही.

“रोजच लिहीत होतो, अव्वा,” मी म्हणालो.